सोवळ्यातली बिअर

अमेरिकेत एका घरात दोन प्रौढ माणसं राहत असतील, तर त्यांना वर्षाकाठी २०० गॅलन बिअर घरच्या घरी करायची मुभा आहे. माणूस एकटा असेल तर १०० गॅलन. २०० गॅलन म्हणजे साडेसातशे लिटरच्या वर. दिवसाला दोन लिटर पडले. आमच्या घरात रोज एवढं दूधही लागत नाही. केंद्र सरकारला कर द्यायचा नाही, फक्त विकायची नाही, ही मुख्य अट. हा आकडा ठरवणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर कुठलं घर होतं कोण जाणे, पण तिथे पाहुण्यारावळ्यांचा राबता दांडगा असावा.

ही मुभा काही पूर्वापार चालत आलेली नाही. १९२० साली अमेरिकेत देशभर दारूबंदी आली आणि १९३३ साली उठली. उठल्यावर घरी वाइन करायला कायद्याची हरकत राहिली नाही; बिअर मात्र राहून गेली. ती पंचेचाळीस वर्षं राहूनच गेली. शेवटी १४ ऑक्टोबर १९७८ रोजी अध्यक्ष जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली आणि पुढच्या फेब्रुवारीपासून घरोघरची पातेली उजळ माथ्याने चुलीवर चढली. कार्टर हे मूळचे जॉर्जियातले भुईमुगाचे शेतकरी. बिअर घरोघरी झाली की शेंगदाण्याला उठाव येईल, असा हिशेब त्यांनी केला असेल असं मी म्हणत नाही. पण आमच्या सांगलीकडचा माणूस ही शंका घेतल्याशिवाय राहणार नाही.

पुढची गंमत राज्याराज्यांतली. २०१२ साली खुद्द व्हाइट हाउसच्या स्वयंपाकघरात, तिथल्याच पोळ्यातला मध घालून बिअर होत होती आणि ओबामांच्या कचेरीने तिची कृतीही जाहीर केली होती. त्याच सुमाराला अलाबामात एखाद्याने ती कृती वाचून पातेलं चढवलं असतं, तर तो गुन्हा ठरला असता. अलाबामा आणि मिसिसिपी या शेवटच्या दोन राज्यांना सुबुद्धी सुचायला २०१३ साल उजाडलं.

आपल्याकडचा मामला याहून कडक. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याचं नाव आता महाराष्ट्र दारूबंदी कायदा झालं असलं, तरी कागदोपत्री तिथे प्यायलासुद्धा परवाना लागतो. करण्याची तर बातच नको. तेव्हा हे वाचून सांगली-मिरजेच्या कोणी माळ्यावरचं पिंप खाली काढू नये. मी हे सगळं ओहायोतल्या तळघरात बसून सांगतो आहे, जिथे हिवाळा लांबलचक असतो आणि माणसाला घरबसल्या काहीतरी उद्योग हवा असतो.

या उद्योगाला लागणारं सामान पाहिलं तर कोणाचाही विश्वास बसणार नाही. एक मोठं पातेलं. अन्नासाठी चालणारी, झाकणाची एक प्लॅस्टिकची बादली, साधारण पंचवीस लिटरची. लांब दांड्याचा डाव, थर्मामीटर, दोन हात लांबीची नळी, बाटल्या, बुचं आणि बुचं दाबून बसवायचं एक यंत्र. नवी बादली विकत घ्यायची नसेल तर बेकरीत विचारावं. केकवरचं आयसिंग ज्या बादल्यांतून येतं, त्या रिकाम्या झाल्या की बेकरीवालेच कोणीतरी नेईल का म्हणून वाट पाहत असतात. बादलीच्या झाकणाला एक भोक पाडायचं आणि त्यात पारदर्शक प्लॅस्टिकची एक वाकडीतिकडी नळी बसवायची. तिच्यात घोटभर पाणी घातलं की आतला वायू बुडबुड करत बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत येत नाही. या सगळ्या सरंजामात काही बुद्धिमत्ता असेल तर ती या नळीत. बाकीचं सामान आणि ते वापरणारा, दोघंही सामान्यच.

कृतीही तशी सरळ. सातू भिजवून, मोड आणून, वाळवून भट्टीत भाजले की त्याचा माल्ट होतो. कमी भाजला तर बिअर सोनेरी, करपेपर्यंत भाजला तर काळीकुट्ट. मोड येताना दाण्यात जी पाचक द्रव्यं तयार होतात, ती पासष्ट ते अडुसष्ट अंश सेल्सिअसच्या पाण्यात पिठाची साखर करतात. हा खटाटोप ज्यांना नको त्यांच्यासाठी याच साखरपाण्याचा आटवलेला पाक डब्यात मिळतो. नवशिक्याने तोच आणावा, वर चवीपुरता थोडा भरडलेला माल्ट कापडी पिशवीत बांधून गरम पाण्यात भिजवावा, मग पाक घालून तासभर उकळावं. उकळी येताना फेस असा चढतो की डोळ्याचं पातं लवायच्या आत शेगडीवर. हॉप्स नावाच्या वेलीची फुलं सुरुवातीला घातली तर कडवटपणा उतरतो, शेवटच्या पाच-दहा मिनिटांत घातली तर सुवास राहतो. मग पातेलं बर्फाच्या पाण्यात बसवून झटपट वीस अंशांपर्यंत निववायचं, बादलीत ओतायचं, गार पाणी घालून एकोणीस लिटर करायचं, वर यीस्टची पुडी टाकायची आणि झाकण लावायचं.

झालं. दुपारभराचं काम. त्या दुपारभरात प्रत्यक्ष बिअरसाठी माणूस हात हलवतो तो फार तर अर्धा तास. उरलेला सगळा वेळ तो भांडी घासत असतो.

हे कोणी आधी सांगत नाही. बिअर करणारा माणूस डोळ्यांसमोर आणला तर दाढीवाला, चामडी एप्रन घातलेला, ग्लास उजेडात धरून रंग न्याहाळणारा गडी दिसतो. खरा माणूस मोरीपाशी वाकलेला असतो, कोपरापर्यंत भिजलेला. पातेलं घासा, बादली घासा, डाव, नळी, झाकण, थर्मामीटर सगळं घासा. घासून झालं की ते निर्जंतुक करा. मग जे निर्जंतुक केलं ते कशावर ठेवायचं, हा प्रश्न येतो, म्हणून ताटही निर्जंतुक करा. मग नाक खाजवलं तर पुन्हा हात बुडवा. उकळी फुटून गेल्यानंतर त्या गोड पाण्याला जे जे शिवणार, ते ते शुद्ध असलंच पाहिजे.

हे सगळं मी आधी कुठेतरी पाहिलं आहे असं वाटत होतं, पण आठवत नव्हतं. ते आई आल्यावर लक्षात आलं.

आई सांगलीहून व्हिसाच्या मुदतीपुरती आली होती. तिच्या लेखी दारू ती दारू. बिअर सौम्य असते वगैरे पुरवणी माहिती तिला नको असते. तिने तळघरात बादली पाहिली.

"हे काय रे?"

"बिअर करतोय."

ती थोडा वेळ गप्प बसली. मला वाटलं, आता बाबांचं नाव निघणार, मग आजोबांचं, मग कुळाचं. पण ती म्हणाली, "बादली घासलीस का?"

"नवीकोरी आहे."

"नवी असली म्हणून काय झालं? दुकानात कोणाकोणाचे हात लागले असतील." असं म्हणून तिने पदर खोचला. "दारूला मी हात लावणार नाही. पण घासायला लावीन."

आणि तिने लावलं. मोरीपाशी ती खुर्ची टाकून बसली आणि मी तिच्या देखरेखीखाली बादली घासू लागलो. तिने आधी हिरवी खरखरीत घासणी पुढे केली. मी म्हटलं, "ही नको, प्लॅस्टिकला ओरखडे पडतात. त्यांत जंतू दडून बसतात, मग कितीही धुतलं तरी निघत नाहीत." एरवी माझं कुठलंही शास्त्र तिला पटत नाही, हे मात्र चटकन पटलं. तिने स्वतः शोधून जुन्या मऊ धोतराचा तुकडा आणून दिला.

खरा वाद झाला तो जंतुनाशकावरून. मी वापरतो ते आम्लाचं द्रव पाण्यात अगदी थोडं घालायचं असतं. त्याचा भरमसाट फेस होतो आणि तो फेस धुवायचा नसतो. तसाच ठेवून त्यावर बिअर ओतायची. भांड्याला फेस राहिलाय आणि आपण त्यात खाण्यापिण्याची वस्तू घालतोय, हे पाहून आईचा जीव खालीवर होऊ लागला.

"खळखळून घे आधी."

"नळाच्या पाण्याने खळखळलं तर पुन्हा विटाळ."

हा शब्द माझ्या तोंडून कसा निघाला कोण जाणे. तो निघाला आणि सगळा उलगडा झाला. मी आजवर तळघरात जे करत होतो ते सोवळं होतं. आजी चैत्रातल्या नवरात्राचा स्वयंपाक करायची तेव्हा ओलेत्याने यायची, वाळत घातलेलं लुगडं काठीने काढायची, आणि आम्ही पोरं उंबऱ्यापाशी आलो की तिथूनच ओरडायची, "शिवू नकोस!" मी बायकोला नेमकं तेच ओरडत होतो. आईनेही हे ओळखलं. तिने फक्त तोडगा सुचवला, "मग उकळतं पाणी घाल, दोघांचंही समाधान." प्लॅस्टिकची बादली उकळत्या पाण्याने वेडीवाकडी होईल, हे सांगितल्यावर तिने फेसाला नाइलाजाने मान्यता दिली, पण त्याच्याकडे पाहायचं टाळलं.

या सोवळ्यामागे कारण आहे. कोमट, गोड, पौष्टिक पाणी म्हणजे जंतूंना पंगतीचं आमंत्रणच. यीस्ट हुकमी पाहुणा. तो साखर खातो आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड देऊन जातो. पण त्याच्याआधी दुसरे कोणी पानावर बसले, तर बिअर आंबट होते, तिला वास येतो, कधी तिच्यावर साय धरते. लुई पाश्चर यांनी १८७६ साली बिअरवर अख्खा ग्रंथ लिहिला तो याच पंगतबाहेरच्या मंडळींबद्दल. त्यामागे थोडा रागही होता. फ्रान्स नुकताच जर्मनांकडून युद्धात हरला होता. रणांगणात नाही तर निदान पेल्यात तरी त्यांना हरवावं, असं पाश्चर यांना वाटत होतं. सात वर्षांनी, १८८३ साली, कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल ख्रिश्चन हॅन्सन यांनी एकाच पेशीपासून वाढवलेलं निव्वळ यीस्ट वेगळं काढलं. कारखान्याने ते कुलूप लावून न ठेवता इतरांनाही दिलं. आज दुकानात मिळणारी अकरा ग्रॅमची पुडी त्याच कामाच्या जोरावर मिळते.

त्याआधी हजारो वर्षं लोक बिअर करत होते आणि ती कोण करतं हे कोणालाच ठाऊक नव्हतं. बव्हेरियात १५१६ साली बिअरच्या शुद्धतेचा प्रसिद्ध हुकूम निघाला. सातू, हॉप्स आणि पाणी, यांखेरीज काही घालायचं नाही. जिच्या जिवावर बिअर होते त्या यीस्टचं त्यात नावही नाही. नॉर्वेतल्या खेड्यांत तर यीस्ट घालताना मोठ्याने आरोळी ठोकायची चाल होती, म्हणजे बिअर जोरकस होईल. मी तळघरात एकदा करून पाहिलं असतं, पण अमेरिकेत शेजारी पोलिसांना फोन करतात.

सोवळ्याबद्दल एक गोष्ट इथेच बोलून टाकली पाहिजे. आपल्याकडे सोवळं बदनाम झालं आणि ते योग्यच झालं. ते जंतूंशी वागायचं सोडून माणसांशी वागू लागलं. कोणी कुठल्या घरात जन्माला आलं, कोणाची पाळी चालू आहे, असल्या गोष्टींवरून उंबरा ठरू लागला आणि नळाखाली हात धुतले का, हे विचारायचं राहून गेलं. बिअरचं सोवळं याबाबतीत अगदी निर्मळ आहे. ते तुमची जात विचारत नाही, गोत्र विचारत नाही, फक्त हात विचारतं. देवाला काय चालतं याबद्दल वाद घालता येतात. यीस्टला काय चालत नाही ते पंधरा दिवसांत नाकाला कळतं.

आईचा उत्साह पुढे वाढतच गेला. कापडी पिशवीतला भिजलेला माल्ट मी टाकून द्यायला निघालो, तेव्हा तिने माझा हात धरला. "यात दारू कुठाय? धान्यच आहे की." तर्क बिनतोड होता, यीस्ट पडायच्या आधीचं ते निव्वळ सातू. संध्याकाळी त्याची कांदा-कोथिंबीर घालून थालीपिठं झाली. कोंडा दाताखाली येत होता, पण भाजक्या धान्याचा असा खमंग वास सुटला होता की बिअर बाजूला राहिली आणि सगळे चुलीपाशी गोळा झाले.

मग तिला हायड्रोमीटर सापडला. काचेची लांब नळी, खाली वजन, वर आकडे. गोड पाण्यात सोडला की वर तरंगतो. साखर जाऊन अल्कोहोल झालं की खाली बसतो. आईने तो हातात घेतला आणि म्हणाली, "हे तर डेअरीतलं!" तिच्या माहेरी दूध घालायला गेलं की डेअरीवाला असंच काहीसं दुधात बुडवायचा. लॅक्टोमीटर आणि हा एकाच कुळातले. "म्हणजे तू पाणी घातलंस तर कळेल," ती समाधानाने म्हणाली. मुळात त्यात नव्वद टक्क्यांच्या वर पाणीच असतं, हे मी तिला सांगितलं नाही. सुरुवातीला १.०५० आणि शेवटी १.०१० असा आकडा आला, तर फरकाला १३१ ने गुणायचं. सव्वापाच टक्के अल्कोहोल. हा गुणाकार तिने तोंडी केला आणि मग एकदम गप्प झाली. उत्तर कशाचं आलंय ते तिच्या लक्षात आलं.

झाकण लावल्यावर माणसाची खरी परीक्षा सुरू होते, कारण करण्यासारखं काही उरत नाही. एखाद्या दिवसात नळीतून बुडबुडे सुरू होतात. घरातला प्रत्येक जण जाता-येता तळघरात डोकावतो. दोन-तीन दिवस धूमधडाका, मग बुडबुडे मंदावतात आणि जिवाला घोर लागतो. मेलं की काय यीस्ट? झाकण उघडून पाहावं का? इथे उघडलं तो फसला. पी हळद नि हो गोरी हा स्वभाव असणाऱ्याने या वाटेला जाऊच नये. अमेरिकेतल्या घरगुती बिअरवाल्यांचे गुरू चार्ली पापाझियन यांनी १९८४ साली या विषयावर जाडजूड पुस्तक लिहिलं, ते अजून खपतं. त्यांच्या शिकवणीचं सार एवढंच की काळजी करून काही होत नाही. हे गृहस्थ अणुअभियांत्रिकी शिकलेले. अणुभट्टीचा अभ्यास केलेला माणूस घाबरू नका म्हणतो, तेव्हा बादलीपुढे आपण घाबरणं बरं दिसत नाही.

दोन आठवड्यांनी बाटल्या भरायच्या. एकोणीस लिटरला पन्नासेक बाटल्या लागतात आणि त्या जमवण्यात लाज बाजूला ठेवावी लागते. तपकिरी काचेच्याच हव्यात, कारण उजेड लागला की हॉप्समुळे बिअरला उग्र वास येतो. पिळून उघडणाऱ्या नकोत, त्यांच्यावर बूच नीट बसत नाही. मराठी मंडळाची एखादी घरगुती मैफल संपली की लोक आपापली मुलं आणि डबे गोळा करतात, तेव्हा मी रिकाम्या बाटल्या गोळा करत असतो. नवीन आलेली मंडळी माझ्या बायकोकडे कणवेने पाहतात. जुनी मंडळी बाटल्या विसळून आणून देतात, बिअरच्या आशेने. मग त्या बाटल्यांची लेबलं रात्रभर भिजवून सोडवायची आणि पुन्हा घासणी, पुन्हा फेस.

भरताना सव्वाशे ग्रॅमच्या आसपास साखर पाण्यात उकळून सगळ्या बिअरमध्ये मिसळतात. बाटलीत उरलेलं यीस्ट ती खातं, वायू कोंडतो आणि बिअरला फेस येतो. साखर सढळ हाताने घातली तर बाटल्या फुटतात. आपल्याकडे पाहुण्यांच्या पानात साखर जरा जास्तच वाढायची रीत, पण इथे मात्र कोकणस्थी हातच बरा. पुढे आणखी दोन आठवडे थांबायचं.

मग एकदाची बाटली उघडते. मित्र घोट घेतात, वर छताकडे पाहतात आणि म्हणतात, "छान आहे. थोडी वेगळी आहे, पण छान आहे." पुढच्या खेपेला तेच मित्र आपण होऊन बाटल्या आणून देतात, त्यावरून काय समजायचं ते मी समजतो. पैशाचा हिशेब मांडला तर भांडी, डबे, पुड्या आणि उकळायचा गॅस धरून बाजारातली बिअर फारशी महाग पडत नाही. चवीचा हिशेब मांडू नये. आपल्या हातची वस्तू आपल्याला गोडच लागते. आईने ग्लासाला नाक लावलं, म्हणाली, "वास शुद्ध आहे," आणि ग्लास परत दिला. तिच्याकडून याहून मोठी पावती मिळणार नव्हती.

या सगळ्यात बिअर मी करतो असं मला आता वाटत नाही. ती यीस्ट करतं. पातेल्यात उकळतं ते नुसतं गोड कडवट पाणी. माणसाच्या हातात दोनच गोष्टी असतात, आधी स्वच्छता आणि नंतर लुडबूड न करणं. सुमेरियातली बिअरची देवता निंकासी ही बाई होती. मध्ययुगीन इंग्लंडमध्येही घरची बिअर गृहिणीच करायच्या. पुढे कारखाने आले आणि पुरुषांनी ते काम उचललं. पुन्हा घरी आणल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की यातला पराक्रमाचा भाग फार थोडा आणि मोरीचा भाग फार मोठा आहे. लहानपणी जेवून झालं की ताट जागेवर सोडून उठणारी आमची पिढी. आम्हाला जे आई-आजीने सांगून जमलं नाही, ते एका बुरशीने करून घेतलं.

म्हणून कोणी विचारलं की घरी बिअर करायला काय काय लागतं, तर मी बादली आणि नळी नंतर सांगतो. आधी सांगतो, भांडी घासायची तयारी लागते. ती ज्याच्या अंगी आली, त्याने पुढे बिअर नाही केली तरी घरात कोणाची तक्रार नसते.